लिलियन लॉरेन्स

लिलियन ‘कर्ली’ लॉरेन्स, टोपणनाव एल.बी.एस.सी. (२७ सप्टेंबर, १८८३ – ४ नोव्हेंबर, १९६७), हे वाफेवर चालणाऱ्या लघुरूप रेल्वे इंजिनांचे इंग्लिश रचनाकार, कारागीर व लेखक होते. कोळशावर चालणारे छोटे इंजिन खऱ्या इंजिनाच्याच तत्त्वांवर बांधले तर ते प्रौढ माणसांना ओढू शकते, हे त्यांनी १९२० च्या दशकात प्रत्यक्ष दाखवून दिले. त्यानंतर सुमारे चार दशके त्यांनी नियतकालिकांतून अशा इंजिनांचे आराखडे आणि ती घरच्या घरी बांधण्याची कृती प्रसिद्ध केली. लघुरूप इंजिनांच्या कार्यक्षमतेच्या ज्या स्पर्धा आज भरवल्या जातात, त्या त्यांच्या मृत्यूनंतर सुरू झाल्या. मात्र अशा स्पर्धेत उतरण्याजोगे इंजिन सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांच्याकडे जाते.

नाव आणि पूर्वायुष्य

त्यांचे जन्मनाव विल्यम मॉरिस बेंजामिन असे होते. पुढे कुटुंबाने मॅथिसन हे आडनाव घेतले आणि नंतर त्यांनी स्वतः लिलियन लॉरेन्स हे नाव धारण केले. लिलियन हे इंग्लंडमध्ये सहसा स्त्रियांचे नाव असल्याने त्याविषयी पुढे बरीच चर्चा झाली. वाचकांना मात्र हे नाव फारसे परिचित नव्हते. त्यांच्यासाठी ते ‘एल.बी.एस.सी.’ किंवा ‘कर्ली’ होते. ही अद्याक्षरे ‘लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वे’ या कंपनीची आहेत. लंडनपासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या या रेल्वेत त्यांनी काही काळ नोकरी केली होती आणि तिच्याविषयीचे त्यांचे प्रेम अखेरपर्यंत टिकले. रेल्वे कंपन्यांच्या एकत्रीकरणात १९२३ मध्ये ही कंपनी सदर्न रेल्वेत विलीन झाली. तिची अद्याक्षरे एका लेखकाच्या सहीत मात्र पुढे चव्वेचाळीस वर्षे जिवंत राहिली.

या कंपनीच्या इंजिनांना विल्यम स्ट्राउडली या यांत्रिक अभियंत्याने वेगळे रूप दिले होते. पिवळसर रंगाची, प्रत्येकी स्वतंत्र नाव असलेली ही इंजिने अत्यंत नीटनेटकी ठेवली जात. चालकाचे नाव इंजिनाच्या चालककक्षात रंगवलेले असे, त्यामुळे प्रत्येक चालकाला आपले इंजिन हे जणू आपल्या घरचे वाटे. लॉरेन्स यांचे बालपण दक्षिण लंडनमध्ये, या इंजिनांच्या सहवासात गेले. इंजिनाकडे आराखड्यावरील वस्तू म्हणून न पाहता कामाला जुंपलेले यंत्र म्हणून पाहण्याची त्यांची सवय याच वातावरणातून आली असावी. त्यांनी अभियांत्रिकीचे विद्यापीठीय शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांचे ज्ञान शेडमधले आणि कार्यशाळेतले होते, आणि पुढच्या वादांत हीच गोष्ट त्यांचे बळही ठरली व त्यांच्यावरील टीकेचे कारणही.

लहान बॉयलरचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये लघुरूप इंजिने बांधणाऱ्या हौशी लोकांचा मोठा वर्ग तयार झाला होता. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये ‘मॉडेल इंजिनियर’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये या हौशी कारागिरांची संस्थाही स्थापन झाली. तथापि लहान गेजची बहुतेक इंजिने स्पिरिटच्या दिव्यावर चालत. बॉयलर म्हणजे पाण्याचे एक साधे नळकांडे असे आणि ज्योत त्याला बाहेरून तापवी. त्यातली सुधारित रचना स्मिथीज बॉयलर या नावाने ओळखली जाई. तिच्यात पाण्याच्या नळकांड्याखाली तिरप्या जलनलिका बसवून ते सर्व एका बाह्य आवरणात ठेवलेले असे. ही इंजिने वाफ लवकर धरत, हाताळायला सोपी असत आणि काजळी करत नसत. परंतु स्पिरिटच्या उष्णतेला मर्यादा होती. बागेतल्या रुळांवर जोराचा वारा सुटला की ज्योत विचलित होई आणि इंजिन थांबे. अशा इंजिनाने काही डबे ओढावेत इतकीच अपेक्षा असे.

खऱ्या इंजिनाची रचना निराळी असते. कोळसा चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या अग्निपेटीत जळतो. त्याचे तप्त वायू बॉयलरमधून जाणाऱ्या अनेक नळ्यांतून धुरकोठीत येतात. सिलिंडरमध्ये काम करून बाहेर पडलेली वाफ धुराड्याखालच्या तोटीतून जोराने वर फेकली जाते आणि ती आपल्याबरोबर अग्निपेटीतील हवा ओढून घेते. त्यामुळे इंजिनावर भार वाढला की वाफ अधिक बाहेर पडते, हवेची ओढ वाढते आणि विस्तव आपोआप अधिक पेटतो. दिव्याच्या इंजिनात ही स्वयंचलित व्यवस्था जवळजवळ नसते.

ही रचना लहान आकारात चालणार नाही असे तत्कालीन जाणकारांपैकी अनेकांचे मत होते, आणि त्यामागे भौतिकशास्त्र होते. ब्रिटनमधील खऱ्या रुळांमधील अंतर ५६.५ इंच असते, तर त्या काळी लोकप्रिय असलेल्या छोट्या गेजचे अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिलिमीटर. इंजिनाची लांबी याच प्रमाणात सुमारे २२.६ पटींनी कमी केली, तर त्याचा पृष्ठभाग सुमारे ५०० पटींनी आणि घनफळ सुमारे ११,५०० पटींनी कमी होते. म्हणजे प्रत्येक थेंब पाण्यामागे उष्णता गमावणारा पृष्ठभाग खऱ्या इंजिनाच्या तुलनेत वीस पटींहून जास्त पडतो. छोट्या सिलिंडरच्या थंड भिंतींना लागून वाफेचे पाणी होते. नळ्या प्रमाणात बारीक केल्या तर त्या काजळीने तुंबतात. कोळशाचा खडा मात्र इंजिनाच्या प्रमाणात लहान होऊन वेगळ्या रीतीने जळत नाही. या सर्व अडचणी खऱ्या होत्या. त्यांतून निघणारा निष्कर्षच तेवढा चुकीचा ठरला.

बॉयलरांची लढाई

१९२२ मध्ये ‘मॉडेल इंजिनियर’मधून लॉरेन्स यांनी या समजुतीला आव्हान दिले. त्यांच्याजवळ केवळ युक्तिवाद नव्हता, तर ‘आयेशा’ नावाचे अडीच इंच गेजचे इंजिन होते. हे अटलांटिक प्रकारचे, म्हणजे पुढे चार, मध्ये चार आणि मागे दोन चाकांचे होते. ते कोळशावर चाले, त्याचा बॉयलर खऱ्या इंजिनाच्या धर्तीचा होता, आणि ते आपल्यामागे गाडीवर बसलेल्या प्रौढ माणसाला सहज ओढून नेई. लहान गेजवर कोळशाचे इंजिन त्यापूर्वी कोणी बांधलेच नव्हते असे नाही. पण ते भरवशाने, पुन्हा पुन्हा आणि सर्वांसमक्ष माणसाला ओढते, हे दाखवणे वेगळे होते.

यावर नियतकालिकाच्या पानांतून जो वाद पेटला तो ‘बॉयलरांची लढाई’ म्हणून ओळखला जातो. जलनलिका बॉयलरच्या बाजूचे प्रमुख नाव हेन्री ग्रीनली यांचे होते. ग्रीनली यांना केवळ या वादातील पराभूत पक्ष म्हणून ओळखणे अन्यायाचे होईल. ते अनुभवी अभियंते होते, बॅसेट-लोक या प्रसिद्ध कंपनीचे तांत्रिक सल्लागार होते, आणि १९२७ मध्ये सुरू झालेल्या पंधरा इंच गेजच्या रॉम्नी, हाइद अँड डिमचर्च रेल्वेची इंजिने त्यांच्याच रचनेची आहेत. ती रेल्वे आजही चालू आहे. मोठ्या गेजवर कोळसा वापरण्याला त्यांचा विरोध नव्हताच. प्रश्न होता तो रेषा कुठे आखायची याचा.

हा वाद कागदावर मिटणे शक्य नव्हते. १९२४ मध्ये ‘मॉडेल इंजिनियर’च्या लंडनमधील प्रदर्शनाच्या निमित्ताने दोन्ही पद्धतींची तुलना प्रत्यक्ष रुळांवर करण्याचा प्रसंग आला. बॅसेट-लोक कंपनीचे ‘चॅलेंजर’ हे इंजिन स्पिरिटवर चालणारे होते. दुसऱ्या बाजूला आयेशा होती. हौशी कारागिरांचा कल त्यानंतर निर्विवादपणे आयेशाच्या बाजूने झुकला, आणि माणसे ओढण्याच्या इंजिनांत स्पिरिटचा दिवा हळूहळू मागे पडला. दिव्याच्या इंजिनांना त्यामुळे मरण आले असे नव्हे. टेबलावर किंवा घरातल्या जमिनीवर चालणाऱ्या लहान इंजिनांत ती आजही दिसतात.

या प्रसंगाची तुलना अनेकदा १८२९ च्या रेनहिल चाचण्यांशी केली जाते. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेसाठी योग्य इंजिन निवडण्याकरता त्या घेण्यात आल्या होत्या. तेथेही विजय अखेर बॉयलरचाच होता. स्टीफन्सन पितापुत्रांच्या ‘रॉकेट’ इंजिनात एका मोठ्या नळाऐवजी तांब्याच्या पंचवीस नळ्या होत्या, आणि त्यामुळे ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त वाफ सतत पुरवू शकले. लॉरेन्स यांनी पुढे ‘रॉकेट’चे साडेतीन इंच गेजवरील लघुरूप रचले, त्याचे नाव त्यांनी ‘रेनहिल’ असेच ठेवले.

मात्र १९२४ ची तुलना ओढण्याच्या क्षमतेची होती. कोणत्या इंजिनाने किती इंधन जाळून किती काम केले, याचे मोजमाप तिने केले नाही.

लेखन

लढाईनंतर लॉरेन्स यांचे ‘शॉप्स, शेड अँड रोड’ हे सदर ‘मॉडेल इंजिनियर’मध्ये नियमित येऊ लागले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालू राहिले. त्यांनी ‘इंग्लिश मेकॅनिक्स’ या नियतकालिकातही लिहिले. सदरातील मजकुरावर आधारलेले त्याच नावाचे पुस्तक निघाले.

सदराची पद्धत ठरलेली असे. एखाद्या इंजिनाचा आराखडा क्रमशः प्रसिद्ध होई. प्रत्येक आठवड्यात एक भाग घेतला जाई, कधी चौकट, कधी चाके, कधी सिलिंडर, आणि तो कसा कापावा, छिद्र कोणत्या क्रमाने पाडावे, हातातली हत्यारे अपुरी असतील तर काय करावे, हे सांगितले जाई. वाचकाकडे एक छोटी लेथ, एक कानस आणि स्वयंपाकघराचा कोपरा आहे असे ते गृहीत धरत. त्या काळी अशा हौसेवर श्रीमंतांचा आणि व्यावसायिक अभियंत्यांचा पगडा होता. कारकून, बसचालक, दुकानदार आणि शाळकरी मुले इंजिने बांधू लागली ती प्रामुख्याने या सदरामुळे. ज्याने कधी धातूला हात लावला नाही अशा माणसालाही शेवटी स्वतःच्या इंजिनामागे बसून फेरी मारता यावी, हा त्यांच्या लेखनाचा निकष होता.

भाषा बोलीची, शेडमधल्या कामगारांची होती. तिच्यात विनोद आणि टोमणे भरपूर असत. खिळ्यांची संख्या मोजत बसणाऱ्या अतिचोखंदळ मंडळींसाठी त्यांनी ‘इन्स्पेक्टर मेटिक्युलस’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते. या लेखनशैलीमुळे त्यांना निष्ठावान वाचक मिळाले, तसेच विरोधकही.

तांत्रिक बाबतीत त्यांचा आग्रह एकच होता. छोटे इंजिन हे खेळणे नसून लहान आकाराचे खरे इंजिन आहे, म्हणून खऱ्या इंजिनाच्या उत्तम पद्धती त्यात वापराव्यात. वाफ सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी अग्निनळ्यांतून फिरवून अतितप्त करावी, म्हणजे थंड भिंतींवर तिचे पाणी होणार नाही. सिलिंडरला तेल यांत्रिक पंपाने मिळावे. झडपांची हालचाल लांब पल्ल्याची असावी, जेणेकरून वाफ थोडाच वेळ आत घेऊन पुढे तिच्या प्रसरणावर काम काढता येईल. बॉयलर तांब्याचा असावा आणि त्याचे सांधे चांदीच्या डाखाने किंवा पितळजोडाने पक्के करावेत.

यांतला झडपांचा मुद्दा त्या काळी मोठ्या रेल्वेतही वादाचा होता. १९२५ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे ‘कासल’ वर्गातील इंजिन आणि लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे ‘पॅसिफिक’ यांची एकमेकांच्या मार्गांवर चाचणी झाली. आकाराने लहान असलेल्या ‘कासल’ने कमी कोळशात तेच काम केले. त्यानंतर नॉर्थ ईस्टर्नने आपल्या इंजिनांच्या झडपांची रचना बदलून लांब पल्ल्याची केली. बागेतील इंजिन आणि देशातील सर्वांत मोठी द्रुतगती इंजिने एकाच प्रश्नाशी एकाच वेळी झगडत होती, हे लक्षात घेतले म्हणजे लॉरेन्स यांच्या सदराला केवळ छंदाचे पान समजता येत नाही.

इंजिने

त्यांनी डझनावारी इंजिनांचे आराखडे दिले. प्रारंभीची बरीच अडीच इंच गेजची होती. पुढे साडेतीन इंच गेज लोकप्रिय झाले आणि नंतर पाच इंचांच्या ‘मेड ऑफ केंट’, ‘मिंक्स’, ‘स्पीडी’ यांसारख्या इंजिनांची भर पडली. साडेतीन इंचांतील ‘मेझी’ हे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या अटलांटिकवर, ‘डोरिस’ हे एल.एम.एस. रेल्वेच्या ‘ब्लॅक फाइव्ह’वर आणि ‘हीलन लॅसी’ हे पॅसिफिकवर आधारलेले आहे. ‘व्हर्जिनिया’ अमेरिकी धाटणीचे आहे. १९५३ मध्ये ‘द टिटफिल्ड थंडरबोल्ट’ हा ब्रिटिश विनोदी चित्रपट आला. त्यात १८३८ चे ‘लायन’ हे खरे जुने इंजिन वापरले होते, आणि त्याचे लघुरूप लॉरेन्स यांनी चित्रपटाच्याच नावाने रचले.

या सर्वांत अधिक प्रसिद्ध ठरले ते ‘टिच’, साडेतीन इंच गेजचे चार चाकांचे अगदी छोटे टाकी इंजिन. नवशिक्याचे पहिले इंजिन म्हणून त्याची रचना झाली होती, आणि त्यावरील त्यांच्या लेखांचे पुस्तक आजही वापरात आहे. छोटे म्हणून ते सोपे, ही समजूत मात्र पुष्कळांना महागात पडली. इंजिन जितके लहान, तितका विस्तव सांभाळणे कठीण, कारण चमचाभर कोळसा चुकीच्या वेळी पडला तरी दाब खाली येतो.

दक्षिण लंडनजवळच्या पर्ली ओक्स येथे त्यांच्या घराच्या बागेत रुळांचा एक बंद मार्ग होता. त्याला त्यांनी ‘पोलर रूट’ असे नाव दिले होते. नवे इंजिन प्रथम या मार्गावर चालवून पाहिले जाई आणि तेथे आढळलेले दोष व सुधारणा सदरात येत.

टीका

त्यांच्या आराखड्यांत मापांच्या चुका आढळतात आणि त्या बांधणाऱ्याला भाग जुळवताना कळतात, ही तक्रार जुनी आहे. मूळ इंजिनाच्या बाह्य रूपाशी त्यांनी बरेच स्वातंत्र्य घेतले, त्यामुळे हुबेहूब प्रतिकृतीचा आग्रह धरणाऱ्यांना ती इंजिने समाधान देत नाहीत. बॉयलरच्या तपासणीचे आजचे नियम त्यांच्या काळापेक्षा कडक असल्याने काही जुन्या रचनांत बदल करूनच बॉयलर बांधावा लागतो. वादात ते समोरच्याला सहसा सूट देत नसत, आणि सैद्धांतिक गणितावर विसंबणाऱ्या लेखकांविषयी त्यांचा सूर उपहासाचा असे. हा उपहास नेहमीच योग्य होता असे म्हणता येत नाही. त्यांच्या यशस्वी रचनांमागील प्रमाणे का यशस्वी ठरली, हे पुढे इतरांनी गणितानेच समजावून दिले.

कार्यक्षमतेच्या स्पर्धा

४ नोव्हेंबर, १९६७ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी लॉरेन्स यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १९६९ मध्ये, ‘मॉडेल इंजिनियर’च्या पुढाकाराने ‘इंटरनॅशनल मॉडेल लोकोमोटिव्ह एफिशियन्सी कॉम्पिटिशन’ ही स्पर्धा सुरू झाली. अद्याक्षरांवरून तिला ‘इम्लेक’ म्हणतात. ती वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या संस्थेच्या मार्गावर भरते.

१९२४ मध्ये जे मोजले गेले नव्हते, तेच येथे मोजले जाते. स्पर्धकाला कोळसा तोलून दिला जातो आणि धाव संपल्यावर उरलेला परत तोलला जातो. किती माणसे ओढायची हे स्पर्धक स्वतः ठरवतो. इंजिन आणि गाडी यांच्यामध्ये डायनामोमीटर, म्हणजे ओढीचे बळ व कापलेले अंतर नोंदवणारे यंत्र जोडलेले असते. बळ आणि अंतर यांच्या गुणाकारातून काम कळते. कोळशाच्या वजनावरून त्यात किती ऊर्जा होती हे कळते, आणि दोहोंच्या गुणोत्तरावरून टक्केवारी निघते.

ही टक्केवारी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धक्कादायक वाटते. उत्तम इंजिनेही साधारणपणे दोन टक्क्यांच्या आसपास असतात, आणि एक टक्क्याखालचे निकालही नवलाचे नाहीत. खरी वाफेची इंजिने सर्वसाधारणपणे सहा ते आठ टक्क्यांपर्यंत जात. चांगल्या प्रतीच्या एक किलो कोळशात सुमारे ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा असते. तिचे दोन टक्के म्हणजे ६.४ लाख ज्यूल, म्हणजे १०० न्यूटन बळाने सुमारे ६.४ किलोमीटर ओढत नेण्याइतके काम. बाकीची उष्णता धुराड्यातून, बॉयलरच्या पृष्ठभागातून आणि सिलिंडरच्या भिंतींतून निघून जाते. लहान इंजिनाविरुद्ध जो भौतिक आक्षेप १९२२ मध्ये घेतला गेला होता, तो या आकड्यांत शाबूत आहे. इंजिन जितके मोठे, तितका त्याला फायदा, त्यामुळे पाच इंच गेजच्या इंजिनापुढे साडेतीन इंचांचे इंजिन मुळातच थोडे मागे असते.

गेज सारखे असतानाही निकालांत मोठा फरक पडतो, तो चालकामुळे. विस्तव पातळ आणि सारखा ठेवणे, पाणी थोडे थोडे भरणे, नियंत्रक पूर्ण उघडून वाफेचा प्रवेश लवकर बंद करणे आणि सुरक्षा झडपेतून वाफ वाया न जाऊ देणे, यांवर क्रमांक ठरतो. ही कौशल्ये रेल्वेच्या शेडमध्ये शिकवली जाणारीच आहेत.

लॉरेन्स यांच्या आराखड्यांवर बांधलेल्या इंजिनांसाठी त्यांच्या स्मरणार्थ वेगळी स्पर्धाही भरवली जाते. ‘टिच’, ‘जुलिएट’ आणि इतर इंजिनांचे आराखडे व ओतीव भाग अद्याप विकत मिळतात, आणि त्यांच्या पहिल्या प्रकाशनानंतर कित्येक दशकांनी नवी इंजिने त्यांवरून बांधली जात आहेत.